मेडलं घासू नका, आधी वाचा

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की आमच्याकडे गोव्यात माळा रिकामा करायचा मोठा कार्यक्रम असतो, माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगतात ती) चौकट खाली येते, समया येतात, पाट येतात आणि त्यांच्यामागून कोणाची तरी गंजलेली ट्रंक पण येते. तर अशा ट्रंकेत जुनी लष्करी मेडलं सापडली तर काय करायचं ते लिहितोय, कारण मी नेमकं उलटं केलं होतं. आईच्या काकांची (त्यांना सगळे आबा म्हणायचे) चार मेडलं डब्यात मिळाली, काळी पडलेली, आणि मी समयांना लावायला भिजवलेली चिंच त्यांनाही लावली. मेडल चकाचक झालं आणि कडेवर जे बारीक काहीतरी कोरलेलं होतं ते अर्धं पुसट झालं. तर पहिला नियम हाच, चिंच नको, व्हिनेगर नको, पॉलिश नको. काळी पडलेली मेडलं काळीच राहू द्या.

पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीला बुरशी येते तिथे रेशमी रिबिनीचं काय घेऊन बसलात. ओलसर वाटली तर पंख्याखाली सावलीत सुकवा, उन्हात नको, रंग उडतो आणि रंग हीच तर तुमची खूण आहे. मग धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, चपलांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या दोनचार पुड्या टाका. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत घाम धरतो.

आता वाचायचं कसं. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च मेडलाच्या कडेला अगदी आडवा धरा आणि मेडल हळूहळू फिरवा. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही, आडव्या उजेडात घासलेली अक्षरंसुद्धा सावली टाकतात. भारतीय मेडल असेल तर बहुतेक वेळा कडेवर नंबर, हुद्दा, नाव असतं. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धासाठी दिलेले सहा टोकांचे पितळी दिसणारे स्टार मात्र साधारणपणे कोरेच यायचे, त्यामुळे नुसता स्टार हातात घेऊन कोणाचा ते कळणार नाही. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, रिबिनीचा पण, आणि मेडलं डब्यात ज्या क्रमाने लावलेली होती तो क्रम मोडायच्या आधी एक फोटो.

आता मुख्य गोष्ट. घरात सगळे म्हणतात 'शौर्यपदक', पण डब्यातली बहुतेक मेडलं शौर्याची नसतात, हजेरीची असतात. वाईट वाटून घेऊ नका, हजेरी पण काही साधी नव्हती. ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये (त्यांच्या हवाई दलाचा बॉम्बफेकीचा विभाग) दुसऱ्या महायुद्धात साधारण सव्वा लाख लोक विमानातून उडले आणि त्यातले ५५,५७३ मेले, एका टूरमध्ये, म्हणजे नेमणुकीच्या एका पाळीत, हल्ल्याच्या ३० फेऱ्या पूर्ण करायच्या असायच्या, आता हिशोब तुम्हीच करा. त्यांना मिळणारा एअर क्रू युरोप स्टार ५ जून १९४४ पर्यंतच्याच उड्डाणांसाठी, रिबीन फिकट निळी आणि कडांना पिवळा नि काळा पट्टा. आणि हो, विकत घ्यायला निघालात तर सांभाळून, ह्या स्टारच्या नकला खूप फिरतात. बॉम्बर कमांडसाठी रिबिनीवर लावायची वेगळी धातूची पट्टी मिळाली ती थेट २०१३ साली, तोपर्यंत बरेच जण गेलेच होते. बर्मा स्टार म्हणजे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता इतकंच, तिथे काय केलं ते तो स्टार सांगत नाही.

शौर्याचं ओळखायचं तर रिबीन बघा. तिरके पट्टे, पांढरे आणि जांभळे, असतील तर खुर्ची ओढून बसा. खाली क्रॉस असेल तर तो डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, ब्रिटिश हवाई दलाचा), अधिकाऱ्यांना आणि वॉरंट ऑफिसरना मिळायचा. खाली गोल-अंडाकृती चांदीचं पदक असेल आणि पट्टे बारीक असतील तर डीएफएम (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल), म्हणजे सार्जंट वगैरे लोकांचं. एकाच लँकेस्टर बॉम्बर विमानात सात माणसं, एकच आग, एकच रात्र, पण पायलट अधिकारी म्हणून क्रॉस आणि मागचा गनर सार्जंट म्हणून मेडल, असा प्रकार होता. गंमत म्हणजे महायुद्धात डीएफसी वीस हजारांच्या वर दिले आणि डीएफएम त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच, म्हणजे 'खालचं' समजलं जाणारं मेडलच दुर्मिळ. मला विचाराल तर डीएफएमच्या कडेवर माणसाचं नाव असतं म्हणून तेच जास्त बोलकं पण आहे.

स्वतंत्र भारताची पदकं असतील तर महावीर चक्राची रिबीन अर्धी पांढरी अर्धी केशरी, वीर चक्राची अर्धी गडद निळी अर्धी केशरी, आणि वायुसेना मेडलची राखाडी-केशरी तिरकी. रिबिनीवर छोटंसं ब्राँझचं पान लागलेलं असेल तर फेकू नका!! ब्रिटिशांचं ओक पान, आपलं कमळाचं, म्हणजे त्या माणसाचं नाव रणभूमीच्या अहवालात आलं होतं. झाडताना पहिलं हेच हरवतं.

पुढचं काम कागदाचं, कारण मेडल सांगतं काय मिळालं आणि कागद सांगतो कशासाठी. ब्रिटिश असेल तर लंडन गॅझेट (त्यांचं सरकारी राजपत्र) ऑनलाईन फुकट बघता येतं, भारतीय असेल तर संरक्षण मंत्रालयाची गॅलंट्री अवॉर्ड्सची साईट आहे. पण नाव टाकताना डोकं चालवा. आपल्या गोव्यातल्या माणसाचं नाव पोर्तुगीज कागदात एक, बेळगाव-मुंबईच्या शाळेत दुसरं आणि फौजेत तिसरं. कामत कामोतिम होतात, प्रभू पोरोबो, नाईकांच्या शेवटी भलतीच अक्षरं येतात, डिसोझा तर चार तऱ्हेने. आडनावाने नाही सापडलं तर सर्व्हिस नंबरने शोधा, नंबर खोटं बोलत नाही.

सायटेशन, म्हणजे पदक कशासाठी दिलं तो अधिकृत मजकूर, सापडलं की त्यात दोन तारखा वेगळ्या धरा, घटना कधीची आणि जाहीर कधी झालं. लँकेस्टरवर नॉर्मन जॅक्सन नावाचा फ्लाइट इंजिनियर होता, त्याच्या ३० फेऱ्या झालेल्या, सुटला असता, पण आपल्या क्रूबरोबर आणखी एक करायची म्हणून गेला. एप्रिल १९४४, श्वाइनफुर्टवर हल्ला, पंखाला आग लागली तर हा बाबा फायर एक्स्टिंग्विशर लाइफ जॅकेटात खोचून हजारो फुटांवर चालत्या विमानाच्या बाहेर पंखावर गेला, भाजला, वाऱ्याने खाली फेकला गेला, जळक्या पॅराशूटने उतरला आणि कैद झाला. त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक) जाहीर झाला ऑक्टोबर १९४५ मध्ये, दीड वर्षाने, कारण त्या रात्री काय झालं हे सांगणारे त्याचे सोबती पण जर्मनांच्या कैदेत होते. उलट बॉम्बर पायलट लेनर्ड चेशायरला तोच क्रॉस मिळाला तो एका रात्रीसाठी नाही, चार टूर आणि शंभर फेऱ्या सलग डोकं थंड ठेवलं म्हणून. म्हणून सायटेशन वाचताना विचारा, हे एका रात्रीचं आहे की चार वर्षांचं? आपल्याकडे विंग कमांडर गौतम यांना १९६५ ला महावीर चक्र आणि १९७१ ला कॅनबेरा बॉम्बर विमानांच्या १६ स्क्वाड्रनचं नेतृत्व करताना पुन्हा तेच, तेव्हा दुसरं पदक वेगळं टांगत नाहीत, त्याच रिबिनीवर पट्टी येते. म्हणजे पट्टी दिसली की 'शोभेची' म्हणून काढू नका.

आता आबांचं. घरातली गोष्ट अशी की आबांनी १९६१ ला गोवा मुक्तीच्या वेळी दाभोळी विमानतळावर बॉम्ब टाकला, आणि हे प्रत्येक लग्नात कोणीतरी सांगायचं, आबा समोर असले तरी ते नुसते सुपारी कातरत बसायचे, हो नाही की नाही नाही. त्यांच्या डब्यात लाल रिबिनीवर हिरव्या बारीक रेघा असलेलं मेडल होतं, पुढच्या बाजूला उभी भवानी तलवार आणि वर 'गोवा १९६१' ची पट्टी. हे जनरल सर्व्हिस मेडल, म्हणजे हजेरीचं. आणि माझ्या चिंचेतून वाचलेल्या कडेवर टॉर्च धरला तर हुद्दा लागला, कॉर्पोरल, म्हणजे अधिकारी नाही. तिथेच उत्तर होतं. १८ डिसेंबरला विंग कमांडर मेनन यांच्याबरोबर १२ कॅनबेरा आली, ६३ हजार पौंडांचे बॉम्ब दाभोळीच्या धावपट्टीवर पडले, पण कॅनबेरात बसतात पायलट आणि नॅव्हिगेटर, दोघेही अधिकारी. कॉर्पोरल आत नसणार. लँकेस्टरवर सार्जंट असले म्हणून कॅनबेराला पण तेच लावू नका, विमान बघून हुद्दा वाचायचा.

मग ट्रंकेच्या तळाला डिस्चार्जचा कागद मिळाला, घडीवर फाटलेला. ट्रेडच्या रकान्यात आर्मामेंट फिटर. म्हणजे बॉम्ब टाकणारे नाहीत, बॉम्ब विमानाला लावणारे, फ्यूज बसवणारे. मामी आधी थोड्या नाराज झाल्या, म्हणाल्या, "इतकी वर्षं आम्ही चुकीचं सांगत होतो?" मामा म्हणाले, चुकीचं कसं, त्यांनी लावल्याशिवाय पडला असता काय?

फ्रेम करायला दिली तर मेडलं गोंदाने चिकटवू देऊ नका, मागच्या कापडावर रिबीन दोऱ्याने टाचायला सांगा, आणि घरातला कोणी समारंभाला लावून जाणार असेल तर नातेवाईकाने उजव्या छातीवर लावायची रीत आहे, डावी बाजू ज्याने कमावलं त्याची. आमच्या फ्रेमखाली कागदावर मी हाताने लिहिलंय: नंबर, कॉर्पोरल, आर्मामेंट फिटर, गोवा १९६१. नंबरातले दोन आकडे चिंचेने खाल्ले, तिथे टिंबं दिलीत.