ईसीएम बदलण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या

नवीन मेकॅनिक स्कॅनर लावतो, कोड वाचतो आणि त्या नावाचा सेन्सर बदलतो. गाडी दोन दिवसांत परत येते. कोड बिघडलेला पार्ट सांगत नाही, कुठल्या सर्किटमध्ये किंवा कुठल्या आकड्यात गडबड दिसली एवढंच सांगतो.

ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बहुतेक सेन्सरना ५ व्होल्ट पुरवतो आणि परत येणाऱ्या व्होल्टेजवरून तापमान, दाब, थ्रॉटलची स्थिती ओळखतो. क्रँक सेन्सरवरून आरपीएम आणि पिस्टनची जागा कळते. त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा आणि स्पार्क कधी द्यायचा हे ठरतं. इंजेक्टरला प्लस सहसा रिलेतून कायम असतो. ईसीएम फक्त अर्थची (निगेटिव्ह) बाजू जोडतो-तोडतो. पेट्रोलसाठी हवा-इंधन प्रमाण १४.७ ला १ धरतात. साधा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली होत राहतो आणि ईसीएम त्याप्रमाणे इंधन कमी-जास्त करतो. हीच दुरुस्ती स्कॅनरवर फ्युएल ट्रिम म्हणून टक्क्यांत दिसते.

पी०१७१ कोड, म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी), आला की आधी ट्रिम बघा. आयडलला +२० आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य असेल, तर इनटेकमध्ये कुठेतरी हवा चोरून शिरतेय. आरपीएम आणि लोडबरोबर ट्रिम वाढत गेला, तर फ्युएल प्रेशर तपासा. ऑक्सिजन सेन्सर बदलून यातलं काहीच सुटत नाही.

कूलंट सेन्सरची परीक्षा एका मिनिटाची. इग्निशन ऑन ठेवून कपलर (तारांचा प्लग) काढा: स्कॅनरवर साधारण -४० अंश दिसायला हवं. मग दोन तारांच्या सेन्सरचा कपलर असेल तर त्या दोन पिना वायरने जोडा: आकडा १३० च्या आसपास किंवा वर उडी मारतो. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, दोष सेन्सरचा.

एकदम चार-पाच असंबद्ध कोड आले तर ५ व्होल्टची लाइन मोजा. एखादा सेन्सर शॉर्ट असला की त्या लाइनवरचे सगळेच बसतात. एकेक कपलर काढत जा; ज्याच्यानंतर ५ व्होल्ट परत येतात, तिथे बिघाड. एकही नाही सापडला, तर तार कुठे घासून बॉडीला लागलीय ते शोधा.

अर्थ तपासताना ओहम मोजू नका, त्यात फसायला होतं. इंजिन क्रँक करत ईसीएमची अर्थ पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांमधलं व्होल्टेज घ्या, ०.१ च्या वर गेलं की गंजलेला जोड शोधा. कॅन लाइन (गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात ती) मात्र बॅटरी काढूनच मोजायची: डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ पिनांमध्ये सहसा ६० ओहम मिळतात. १२० आले तर एक टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचा रेझिस्टर) गेलाय किंवा तार तुटलीय. बल्बचा टेस्ट लॅम्प या तारांना लावू नका, ड्रायव्हर (ईसीएममधलं ती तार चालवणारं सर्किट) जळू शकतो.

इतकं करूनही ईसीएमच दोषी ठरला, तर नवीन बसवण्याआधी इग्निशन कॉइल आणि इंजेक्टरचे ओहम घ्या. शॉर्ट कॉइलने जुन्याचा ड्रायव्हर जाळला असेल, तर पहिल्या स्टार्टलाच नव्याचाही जाईल. इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत नवा ईसीएम चावीशी जुळवावा लागतो, आणि प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला स्थिर सप्लाय जोडलेला हवा.