लिनक्सवर मोठी मेमरी पानं कशी मागावीत आणि कशी परत करावीत

नेहमीच्या ६४-बिट इंटेल किंवा एएमडी मशीनवर मेमरीचं एक पान, म्हणजे मेमरी वाटण्याचा ठरावीक आकाराचा तुकडा, ४ केबीचं असतं. १ जीबी डेटाची अशी २,६२,१४४ पानं होतात. त्यांचे पत्ते हाताशी ठेवणारा प्रोसेसरमधला टीएलबी छोटा असतो, त्यात एवढी मावत नाहीत. २ एमबीची पानं घेतली की तोच डेटा ५१२ पानांत बसतो.

आधी मोठ्या पानांचा साठा करून ठेवा. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस ही मोठ्या पानांची संख्या ठरवणारी सेटिंग ६४ केली की १२८ एमबी बाजूला निघते. मात्र सलग जागा कमी पडली तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जमतील तेवढीच पानं देतो आणि एररही दाखवत नाही. म्हणून मेमरीची माहिती देणाऱ्या मेमइन्फो फाइलमधला ह्यूजपेजेस_टोटल आकडा लगेच बघा. मशीन सुरू होतानाच साठा करणं सगळ्यात चांगलं, तेव्हा मेमरी विखुरलेली नसते.

मग प्रोग्राममध्ये कर्नलकडे मेमरी मागणाऱ्या एममॅप कॉलला मॅप_ह्यूजटीएलबी हा मोठी पानं मागणारा फ्लॅग द्या. साठा अपुरा असेल तर ईनोमेम (मेमरी नाही) ही एरर येते.

खरी काळजी घ्यायची ती आकाराची. समजा तुम्ही ३ एमबी मागितले. एममॅप तक्रार न करता लांबी वर ओढून ४ एमबी, म्हणजे दोन पानं देतो. काम झाल्यावर मेमरी परत करणाऱ्या एमअनमॅपला तेच ३ एमबी सांगा, तो ईइनव्हॅल (चुकीची किंमत) ही एरर देऊन नकार देतो! परत आलेली किंमत तपासली नसेल तर प्रोग्राम पुढे चालत राहतो, पानं अडकून पडतात आणि ईनोमेम भलतीकडेच उगवते. त्यामुळे मागण्याआधीच लांबी स्वतः वाढवून घ्या: लांबीत पानाचा आकार मिळवा, एक वजा करा, पानाच्या आकाराने भागा, बाकी सोडा, पुन्हा त्याच आकाराने गुणा. हीच लांबी जपून ठेवा आणि मेमरी परत करताना तीच द्या. पानाचा आकार कोडमध्ये पक्का लिहू नका, मेमइन्फोतल्या ह्यूजपेजसाइझवरून वाचा. मेमरी वाचण्या-लिहिण्याची परवानगी बदलणाऱ्या एमप्रोटेक्टलाही मोठ्या पानाच्या मधोमध सीमा चालत नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर साधा एममॅप करून, मेमरी कशी वापरणार हे कर्नलला सुचवणाऱ्या एमॲडव्हाइझ कॉलला एमएडीव्ही_ह्यूजपेज सांगा. साठा लागत नाही, ४ केबीच्या हिशोबाने मेमरी परतही करता येते. बहुतेक प्रोग्रामांनी सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं. फक्त ही विनंती असते, हमी नव्हे. मोठी पानं खरंच मिळाली का, ते प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) मेमरीचा तपशील देणाऱ्या एसमॅप्स फाइलमध्ये ॲनॉनह्यूजपेजेस या ओळीत कळतं. तिथे शून्य दिसलं तर ट्रान्सपरंट ह्यूजपेज, म्हणजे साठ्याशिवाय मोठी पानं देण्याच्या याच सोयीची सेटिंग 'नेव्हर'वर तर नाही ना, हे आधी तपासा.