दोरीवरच्या उड्या: बॉक्सरने या चुका टाळाव्यात

शेवटच्या राउंडला पाय जड होतात, टाचा टेकायला लागतात आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) अर्ध्यातच मरतो. दोरीची कमाई दिसते ती इथे. दमलेलं असतानाही चवड्यांवर राहण्याची सवय, दमदार पोटऱ्या आणि हात, पाय, श्वास यांची एक लय. कशीबशी हजार उडी मारून यातलं फारसं काही हाती लागत नाही.

सगळ्यात मोठी चूक उड्या मोजण्याची. आकडा गाठायचा म्हटलं की शेवटच्या दोनशे उड्या उरकल्या जातात आणि पायांना तीच उरकण्याची सवय लागते. हौशी सामन्यात तीन मिनिटांचे तीन राउंड आणि मध्ये एक मिनिटाची विश्रांती असते, मग दोरीही घड्याळ लावून तशीच मारा. नवख्याने दोन मिनिटांच्या राउंडपासून सुरुवात करावी. दोरी अडकली तरी घड्याळ चालू ठेवा आणि लगेच पुन्हा सुरू करा. शेवटच्या ३० सेकंदांत वेग वाढवा. खरा सराव त्या ३० सेकंदांचाच असतो.

दोरी वारंवार अडकत असेल, तर आधी लांबी तपासा. दोरीच्या मधोमध एक पाय ठेवून तिच्या मुठी वर ओढा. नवख्यासाठी त्या काखेपर्यंत याव्यात, सराव झाल्यावर छातीच्या खालच्या भागापर्यंत आल्या तरी चालतं. उंची साडेपाच फूट असेल, तर साधारण नऊ फुटांची दोरी पुरते. दोरी पायांच्या बरीच पुढे फरशीवर आपटत असेल, तर ती लांब आहे.

लांबी बरोबर असूनही पहिलं मिनिट नीट जातं आणि मग दोरी पायाच्या बोटांत अडकायला लागते? आता हातांकडे बघा. खांदे दमले की कोपरं बरगड्यांपासून सुटतात आणि हात बाजूला पसरतात. हात जितके लांब जातील तितकी दोरी आखूड पडते, ती डोक्याला तरी लागते किंवा पायात तरी येते. त्यावर उंच उडी मारणं हा उपाय नाही, त्याने दम लवकर जातो. कोपरं अंगाशी, मुठी कमरेच्या उंचीवर आणि दोरी मनगटानेच फिरवायची. सवय लागेपर्यंत दोन्ही काखांत एकेक रुमाल धरून मारा. रुमाल पडला की कोपर सुटलं.

उडी दोन-तीन सेंटिमीटरची पुरे, दोरी खालून जाण्यापुरती. कानाने ओळखा: दोरीची टकटक ऐकू यावी, पावलांची थपथप नको. गुडघे किंचित सैल ठेवा. उतरायचं चवड्यावर, पण टाच मुद्दाम ताठ उचलून धरू नका. ती जमिनीला अलगद शिवून परत आली तर पोटरीला क्षणभर सुटका मिळते, नाहीतर दुसऱ्या राउंडलाच पोटऱ्यांत गोळे येतात.

सगळा वेळ दोन्ही पाय जोडून उड्या मारल्या, तर दम वाढेल, पण फूटवर्क सुधारणार नाही. वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायला शिका: दोन ठोके डाव्यावर, दोन उजव्यावर. दोरी दरवेळी एकाच पायात अडकत असेल, तर तो पाय उचलायला उशीर होतोय. बहुतेकदा तो मागचा पाय निघतो, कारण स्टान्समध्ये (एक पाय पुढे, एक मागे असं उभं राहताना) त्यावर वजन रेलून ठेवायची खोड असते. दोन्ही टोकं एका हातात धरून दोरी बाजूला फिरवा आणि तिच्या तालावर नुसती पावलं टाका. ताल जमला की आत शिरा.

काँक्रीटची गच्ची किंवा शहाबादी फरशीवर रोज उड्या मारणं नडगीला महागात पडतं. लाकडी फळ्या किंवा पातळ रबरी मॅट बरी. जाड, मऊ गादी मात्र नको, तिच्यावर घोटा डगमगतो. राउंड आठवड्याला एकानेच वाढवा. नडगीच्या आतल्या कडेला किंवा टाचेमागच्या शिरेला सकाळी उठल्यावर दुखत असेल, तर दोरी थांबवून सायकल किंवा पोहणं करा. दुखणं हटलं नाही किंवा हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ आली, तर डॉक्टरांकडे जा.

वजन उतरवण्यासाठी प्लास्टिकचा सूट घालून दोरी मारण्याबद्दल तडजोड नको. उतरतं ते पाणी, चरबी नाही, आणि घाम वाळत नसल्याने अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर अशाच झटपट वजन-कपातीत दगावले, त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत या सूटवर बंदी आली. वजन काही आठवडे आधीपासून जेवणातून उतरवा आणि दोरी सुती बनियनवर मारा.