तळं गोठलं म्हणून तण मेलं असं नाही: हिवाळ्यात या चुका टाळा

कडाक्याची थंडी पडली की जलपर्णीची पानं करपून काळी पडतात, हायड्रिला (पाण्याखाली वाढणारं, गाळात मुळं धरणारं तण) तळाशी बसते आणि तळं मोकळं दिसू लागतं. बहुतेक ठिकाणी काम इथेच थांबतं, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गोडं पाणी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत जड असतं. त्यामुळे वर बर्फाचा थर असला तरी खोल तळ्याच्या तळाशी जवळपास तेवढंच तापमान टिकतं आणि गाळातल्या हायड्रिलाच्या कंदापर्यंत गोठण पोहोचतच नाही. जलपर्णीचंही तसंच: पानं जातात, पण पाण्याखालचं जाड खोड गोठलं नाही तर वसंतात तिथूनच नवा कोंब येतो. ते गोठलंच, तरी गाळातलं बी वर्षानुवर्षं रुजण्याच्या ताकदीचं राहतं.

सगळ्या तणांना एकच वेळापत्रक लावणं

कोणतं तण हिवाळा कोणत्या रूपात काढतं, हे आधी ओळखा.

हायड्रिला दिवस लहान होऊ लागले की गाळात कंद धरते आणि खोडावर हिवाळी कळ्या (फुलांच्या नव्हे, तर गळून पडून नवं रोप देणारे टणक कोंब) तयार करते. कंद ४ वर्षांहून जास्त जिवंत राहू शकतात, म्हणून एका हंगामात वरचा पाला काढून काहीच संपत नाही. काटेरी शिंगाडा मात्र वर्षायू आहे. थंडीत अख्खं झाड मरतं आणि मागे उरतं ते फळ, जे गाळात १२ वर्षांपर्यंत तग धरू शकतं. तो फळं पिकून गळण्याआधी, उन्हाळ्यातच उपटावा लागतो. शरदात उपटलात तर श्रम वाया.

खरा घोळ कर्ली पॉन्डवीड या पाण्याखाली वाढणाऱ्या, नागमोडी पानांच्या तणाचा. तिचं चक्र उलटं चालतं: शरदात अंकुरते, बर्फाखाली हिरवी राहते, उन्हाळ्याच्या सुरुवातीला अशाच कळ्या टाकते आणि भर उन्हाळ्यात आपोआप मरते. तळं गच्च भरलेलं दिसल्यावर फवारणी केली, तर कळ्या आधीच तळाशी पडलेल्या असतात. पाणी १० ते १५ अंशांवर असताना, कळ्या धरण्याआधी उपचार करा. तणनाशकाला स्थानिक परवानगी लागते का, ते आधी पाहा.

युरेशियन वॉटरमिलफॉइल हे पिसासारख्या पानांचं, पाण्याखालचं तण हिवाळी कळ्या धरत नाही. मुळांचा गड्डा आणि खालचे हिरवे फुटवे यांवर ते थंडी काढतं. उन्हाळ्याच्या अखेरीपासून त्याच्या फांद्या आपसूक तुटतात आणि प्रत्येक तुकडा मूळ धरू शकतो. त्या दिवसांत कापणी केलीत तर तुकडे जाळीने गोळा केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गाळ न तपासणं

वरून पाहून निर्णय घेऊ नका. काठाजवळ आणि मध्यभागी मिळून निदान ८-१० ठिकाणांहून १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतचा गाळ काढा आणि बारीक चाळणीवर पाण्याने धुवा. हायड्रिलाचा कंद वाटाण्याएवढा किंवा थोडा लहान, पांढुरका ते पिवळसर-तपकिरी असतो. चिमटीत टणक लागला तर जिवंत असण्याची शक्यता जास्त. लिबलिबीत झाला असेल तर कुजलेला. कंद याहून खोलही असतात, त्यामुळे नमुन्यात काही न मिळणं म्हणजे तळं स्वच्छ असल्याची खात्री नव्हे.

पाणी उतरवून निर्धास्त होणं

हिवाळ्यात पाणी उतरवून तळ उघडा टाकल्यास मिलफॉइलचे गड्डे गोठून मरू शकतात. पण गाळ काही आठवडे खरोखर गोठून सुकायला हवा. वर जाड हिम साचलं तर ते गोधडीसारखं काम करतं आणि खालचे गड्डे वाचतात. हायड्रिलाचे कंद आणि शिंगाड्याची फळं या उपायाला दाद देत नाहीत. पाणी सोडताना तोंडाला जाळी लावा, नाहीतर तुकडे आणि कळ्या खालच्या ओढ्यात जातील. उरलेल्या डबक्यात मासे गुदमरू नयेत एवढी खोली राखा, आणि बेडूक-कासवं तळाच्या चिखलात विसावण्याच्या आधीच पाणी उतरवा.

पाला तसाच कुजू देणं

दाट पाला बर्फाखाली कुजला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. म्हणून तो गोठण्याआधीच काढा, आणि काठावर न टाकता पुराच्या पातळीच्या वर, उतार पाण्याकडे नसेल अशा जागी पसरून सुकवा. होडी, दोर, नांगर, गमबूट यांनाही चिखल चिकटलेला असतो. थंड दमट हवेत या वस्तू फार हळू सुकतात, त्यामुळे उन्हाळ्याचा अंदाज इथे लावू नका. चिखल धुऊन, आतलं पाणी पूर्ण काढून, सांध्या-फटींपर्यंत सगळं कोरडं झाल्यावरच दुसऱ्या पाण्यात उतरा.