वॉरंटी संपलेला हवेचा पंप: फेकण्याआधी उघडा

फिश टँकचा पंप वॉरंटी संपली की लगेच का बंद पडतो, हे कोडं मला सुटलेलं नाही. दुकानात नेला की उत्तर ठरलेलं: "याचं काही होत नाही, नवीन घ्या." होतं. घरचे आणि शेजारपाजारचे मिळून डझनभर पंप मी उघडलेत, आणि बहुतेकांत फक्त रुपयाएवढं रबर गेलेलं होतं.

आधी मासे. टाकीतलंच पाणी मगाने हातभर उंचीवरून परत परत ओता, खायला घालू नका. फायटर आणि गुरामी वर येऊन हवा घेतात, त्यांचं निभावतं, गोल्डफिशचं नाही. त्यात मे महिना असेल तर हयगय नको. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात.

मग नळी पंपापासून काढून तोंडाशी बोट धरा. हवा जोरात लागली तर पंप ठणठणीत आहे, नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड, म्हणजे एअर स्टोन, चोंदलाय, तो बदला. घरघरच येत नसेल तर वायर तपासा, पंपात शिरते तिथेच ती बहुधा तुटते. जळका वास आला तर कॉइल, म्हणजे आतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं, गेली, पंप भंगारात. कॉइल भरून घ्या असं सांगणाऱ्याने स्वतः कधी भरून घेतलेली नसते. घरघर आहे पण हवा नाही, तर डायफ्रॅम, म्हणजे हवा ढकलणारी आतली रबरी वाटी, गेलाय.

प्लग काढा, पंप उलटा करा. स्क्रू दिसले नाहीत तर रबरी पायांखाली बघा. तळाची फेल्टची गादी धुळीने काळी झाली असेल तर धुऊन वाळवा.

आत कॉइल, तिच्यासमोर चुंबक लावलेली पट्टी आणि पट्टीला जोडलेली रबरी वाटी. हाच डायफ्रॅम. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे पट्टी सेकंदाला ५० वेळा हलते आणि वाटी दिवसाला ४३ लाखांहून जास्त वेळा आतबाहेर होते. फाटणारच. चीर बहुतेक वेळा घडीत लपलेली असते; वाटी बोटांनी ताणून उजेडासमोर धरा.

इथे मी दोनदा फसलोय. पहिल्यांदा झटपट चिकटणारा गोंद लावला. तो वाळून कडक झाला आणि त्याच्या कडेलाच रबर पुन्हा फाटलं, चार दिवसांत. दुसऱ्यांदा सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. जाड रबर, हवा निम्मीसुद्धा येईना. आता जुनी वाटी खिशात घालूनच दुकानात जातो (मुंबईकरांना क्रॉफर्ड मार्केट आहेच) आणि वाटीवर वाटी ठेवून जुळवतो. "सगळ्यांना हीच बसते" यावर विश्वास ठेवू नका.

नवी वाटी घातली की लगेच स्क्रू आवळू नका. पट्टी हातातून सोडून द्या. ती कॉइलसमोर मधोमध, कुठेही न टेकता राहिली पाहिजे, आणि वाटी ना ताणलेली ना दबलेली. नाहीतर पंप चालेल, पण खडखडेल, आणि दोन महिन्यांत पुन्हा तुम्ही स्क्रूड्रायव्हर शोधत असाल. जागा जुळली की मगच स्क्रू आवळा.

वाटीमागच्या डबीत पातळ रबराच्या दोन झडपा असतात, एक हवा आत घेणारी, एक बाहेर सोडणारी. काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या. एकदा मी झडप उलटी बसवली. पंप घरघरला, हवा शून्य. नवी वाटीच खराब दिली म्हणून दुकानदाराशी भांडून आलो. तो अजून त्यावरून हसतो. झडपा ओल्या फडक्याने पुसा, कोरड्या करा, आणि शिवणयंत्राचं तेल सोडायचा मोह आवरा. तेलाने रबर फुगतं आणि हवेबरोबर तेल पाण्यात जातं.

झाकण लावा, चालवून बघा.

पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. खालीच ठेवायचा असेल तर नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, बाण टाकीकडे करून. वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं, आणि मग प्रश्न वाटीचा राहत नाही.