नाथसागराच्या काठी जाताय? या चुका टाळा

मराठवाड्याला समुद्र नाही, पण पैठणला जायकवाडी धरणामागे गोदावरी इतकी पसरली आहे की पलीकडचा काठ दिसत नाही. हाच नाथसागर. हिवाळ्यात तिथं पाहुणे पक्षी उतरतात, काठची गावंही निवांत. तरी बरेच जण ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत परततात. बहुतेकदा कारण एकच: पाण्याची पातळी न बघता निघणं.

धरण काठोकाठ भरलं की पक्षी जास्त, हा समज उलटा आहे. पातळी १५२२ फुटांवर गेली म्हणजे धरण पूर्ण भरलं, आणि त्याच वेळी उथळ काठ बुडालेले असतात. फ्लेमिंगो, शराटी, चमचा हे पाण्यात उभं राहून खाणारे पक्षी. त्यांना चिखल आणि पोटरीभर पाणी लागतं. नाथसागर परातीसारखा पसरट असल्यामुळे पातळी थोडी उतरली तरी काठ लांबवर सरकतो. गेल्या वर्षी जिथं थवा दिसला, तिथं यंदा खोल पाणी असेल, नाहीतर हरभरा. म्हणून आदल्या दिवशी वर्तमानपत्रात पातळी बघा आणि काठच्या गावात शिरताच पारावर विचारा, ‘मामा, पाणी कुठवर आलंय?’ मोबाइलच्या नकाशापेक्षा हे उत्तर खात्रीचं. धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे अडलेल्या पाण्यात गेलेले जुने रस्ते नकाशावर अजूनही दिसतात, आणि पुनर्वसनात हललेल्या गावांमुळे जुनं-नवं असा घोळ होतो तो वेगळाच.

दुसरी चूक गाडीची. पाणी उतरल्यावर उघडी पडलेली काळी जमीन वरून भेगाळलेली, कोरडी दिसते. खाली गाळ ओलाच असतो. आधी उतरून टाच जोरात दाबा. टाच रुतली किंवा भेगेत घातलेली काडी ओली निघाली तर गाडी तिथंच ठेवा. रुतलीच, तर अॅक्सिलरेटर दाबत बसू नका. चाक फिरत राहतं आणि गाडी आणखी खाली बसते. सगळ्यांना उतरवा, ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्यांच्यामागचा चिखल हातानं काढा, तिथं तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीची, कपाशीची वाळलेली झाडं) आडव्या दाबून बसवा आणि आलेल्याच चाकोरीतून हळू रिव्हर्स घ्या. तुराट्या कुणाच्या बांधावरून घेणार असाल तर आधी विचारा. टायरखाली पऱ्हाटीचे खुंट आणि वेड्या बाभळीचे काटे येतात, त्यामुळे स्टेपनीत हवा भरलेली हवी.

त्या उघड्या जमिनीवर गाळपेर, म्हणजे पाणी उतरल्यावर गाळात केलेली पेरणी असते. ‘सरकारी जागा आहे’ म्हणत गव्हातून चालत जाऊ नका. ते कुणाचं तरी रब्बीचं पीक आहे. बांधावरून जा.

हे अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचं. एवढ्या काठाला मिळून एकच असं गेट नाही, ते शोधण्यात सकाळ घालवू नका. हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा पाण्याजवळ पोचलेलं बरं. दहानंतर ऊन तापतं, पाण्यावर हवा थरथरते आणि दुर्बिणीतून कडा अस्पष्ट दिसतात. पूर्वेच्या काठावरून सकाळी सूर्य पाठीशी असतो. संध्याकाळी त्याच जागी पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या. ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते. १० पटीची हातात हलते, वाऱ्यात तर फारच.

जवळ किती जायचं, हे पक्षीच सांगतात. पट्टकादंब हंस चरत असतात तेव्हा माना खाली. दोन-चार माना वर झाल्या की थांबा, खाली बसा. सगळ्या माना वर, म्हणजे थवा उडणारच. मग फोटोही नाही आणि त्यांचं खाणंही मोडतं. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर पायाखाली बघा. टिटवी आणि नदीसुरय उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, ती खड्यांसारखी दिसतात.

मच्छीमारांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसायचा हट्ट नको. एवढ्या पसरलेल्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात, आणि लाइफ जॅकेट नसतं.

जेवणाचं मात्र सोपं आहे: कुणाकडं पिठलं-भाकरीची सोय होते का, ते जातानाच विचारून ठेवा, येताना ताट तयार. ऐन दुपारी दहा जणांचं जेवण मागितलं तर ती मावशी काय करणार?

नाथषष्ठीच्या, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीच्या आगेमागे पैठणच्या वाटा दिंड्यांनी भरतात. त्या दिवसांत पक्ष्यांसाठी निघाला असाल तर पैठणऐवजी छत्रपती संभाजीनगर-अहिल्यानगर रस्त्यानं कायगाव, प्रवरासंगमच्या बाजूला जा. मात्र गोदावरीच्या पुलावर गाडी थांबवू नका, ट्रक सुसाट येतात. पूल ओलांडून टोक्याच्या सिद्धेश्वर मंदिराकडं वळा आणि घाटावरून पाणी बघा.