नागपूरच्या उन्हात समुद्री शैवाल: या चुका टाळा

कुलरच्या जाळीवर मे महिन्यात जमणारा पांढरा थर नागपुरात घरोघरी दिसतो. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. हे रोज पाहणारी माणसंही बायोडिझेलच्या तेलासाठी वाढवलेल्या सूक्ष्म समुद्री शैवालाच्या टाकीची पातळी उतरली की नेमकं खारं पाणीच ओततात!

एका कॉलेजच्या गच्चीवर असंच झालं. नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्म शैवालाची उघडी टाकी, खोली २० सेंटिमीटर, क्षारता (मिठाचं प्रमाण) लिटरला ३५ ग्रॅम. उन्हात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी जायचं, आणि पोरं इमानदारीने तेवढंच खारं पाणी भरायची. दहा दिवसांत क्षारता ५२. कल्चर, म्हणजे पाण्यात वाढवलेलं शैवाल, पिवळं पडून तळाशी बसलं. क्षारता न मोजताच दोष खताला दिला आणि नायट्रेट दुप्पट केलं. पुढचे चार दिवस त्यात गेले.

उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणीच घाला. खारं पाणी फक्त कापणीत काढलेल्या पाण्याच्या बदल्यात. टाकीला आतून रेघ मारा, सकाळी रेघेपर्यंत भरा, ढवळा, मग रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजायच्या उपकरणाने) मोजा. आणि वर शेडनेट हवीच, कारण पाणी ३२ अंशांपुढे गेलं की या जातीचं बिनसतं.

नुसतं खायचं मीठ म्हणजे समुद्र नव्हे. खारं पाणी बनवायला लिटरला मीठ २४ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड (सहा जलरेणूंचं) ११, सोडियम सल्फेट ४, कॅल्शियम क्लोराइड (दोन जलरेणूंचं) दीड, पोटॅशियम क्लोराइड ०.७, खायचा सोडा ०.२ ग्रॅम. कॅल्शियम वेगळं विरघळवून शेवटी घाला, नाहीतर गढूळ होतं.

कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमधून थेट सोडू नका. हवेत एक-दोन टक्के मिसळा, बारीक बुडबुडे करा, पीएच ७.५ ते ८.५ ठेवा. रात्री व्हॉल्व्ह बंद. अंधारात शैवाल वायू घेत नाही. कोराडी वीजकेंद्राच्या चिमणीला नळी जोडायची स्वप्नं तूर्त बाजूला ठेवा. त्या धुरात सल्फर डायऑक्साइडही असतो.

आता वजनाची फसवणूक. कापडातून गाळलेल्या १०० ग्रॅम पेस्टमध्ये शैवाल १० ग्रॅम असेल, तर उरलेल्या पाण्यात ३ ग्रॅम मीठ असतं. वाळवल्यावर वजन भरतं १३, आणि तेलाची टक्केवारी काढताना भागाकार त्या १३ ने होतो. साध्या पाण्याने धुतलं तर पेशी फुटू शकतात आणि आतला माल पाण्यात जातो. त्यापेक्षा अमोनियम बायकार्बोनेट लिटरला ४० ग्रॅम घेऊन दोनदा धुवा. ६० अंशांवर वाळवताना ते उडून जातं. खोली मात्र हवेशीर हवी, अमोनियाने डोळे चुरचुरतात.

कल्चर पातळ असतानाच तेलासाठी नायट्रोजनचं खत तोडणं हा शुद्ध उतावीळपणा. आधी दाट होऊ द्या, कारण उपाशी शैवाल तेल साठवतं, पण वाढत नाही.

बायोडिझेल करायला बसल्यावर साबण झाला, तर तेलात पाणी राहिलंय किंवा मुक्त मेदाम्लं दोन टक्क्यांपुढे आहेत. आम्लं मोजा, जास्त असतील तर आधी सल्फ्युरिक आम्लाची पायरी करा, मगच कॉस्टिक सोडा. तापमान ६० च्या वर नको, मिथेनॉल ६५ च्या आतच उकळतं.

हजार लिटर कल्चरमधून लिटरला अर्धा ग्रॅम धरला तर सुकं शैवाल अर्धा किलो. ते वाढताना जेमतेम ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेतं. एक लिटर डिझेल जाळलं की २.६ किलो निघतो. शिवाय शैवालाचं डिझेल जाळलं की तेलातला कार्बन परत हवेतच जातो. प्रकल्पाच्या फलकावर ‘प्रदूषणमुक्त नागपूर’ रंगवण्याआधी एवढं गणित करून घ्या.